चाहत्यांचे ह्युगो पुरस्कार आणि बदललेला चाहतावर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचे वाचक ज्या ह्युगो पुरस्कारांची दरवर्षी वाट पाहतात, त्यांच्या यादीत चार गट असे आहेत, जे लेखक-प्रकाशकांसाठी नसून चाहत्यांनी केवळ आवडीपोटी केलेल्या कामासाठी राखलेले आहेत. अंतिम यादी जाहीर झाली की या गटांविषयी तेच प्रश्न माझ्याकडे नव्याने येऊ लागतात आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका असते: छापील फॅनझिनच्या, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या हौशी नियतकालिकांच्या, काळात आखलेले हे पुरस्कार आजच्या चाहतावर्गाचे खरोखर प्रतिनिधित्व करतात का? उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे, जिथे पुनरुक्ती झाली असती तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चाहत्यांचे ह्युगो म्हणजे नेमके कोणते पुरस्कार?

सर्वोत्कृष्ट फॅनझिन, सर्वोत्कृष्ट फॅनकास्ट (चाहत्यांचे पॉडकास्ट व चित्रफिती), सर्वोत्कृष्ट फॅन रायटर आणि सर्वोत्कृष्ट फॅन आर्टिस्ट हे ते चार गट. ह्युगो पुरस्कार पहिल्यांदा १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात, म्हणजे वेगवेगळ्या शहरांत भरणाऱ्या वर्ल्डकॉनमध्ये दिले गेले. १९५४ मध्ये खंड पडला आणि १९५५ पासून ते दरवर्षी दिले जात आहेत. फॅनझिनचा गट १९५५ पासूनचा, म्हणजे जवळजवळ पुरस्कारांइतकाच जुना आहे. लेखक आणि चित्रकार यांचे गट १९६७ मध्ये आले, तर फॅनकास्टचा पुरस्कार २०१२ मध्ये पहिल्यांदा दिला गेला. पुरस्कारांना ज्यांचे नाव दिले आहे, त्या ह्युगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले होते, आणि त्यात छापलेल्या वाचकांच्या पत्रांतून व पत्त्यांतूनच वाचक एकमेकांना शोधू लागले.

२. फॅनझिन कसे निघत असे? आजच्या वाचकाला त्याची कल्पना येत नाही.

पहिले विज्ञानकथा फॅनझिन म्हणून 'द कॉमेट' या १९३० च्या अंकाचा उल्लेख होतो. पुढची कित्येक दशके बहुतेक फॅनझिने मिमिओग्राफवर निघत. टंकयंत्राची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर मजकूर टंकायचा, चूक झाली की त्या जागी दुरुस्तीचा द्रव लावून तो वाळेपर्यंत थांबायचे आणि मग पुन्हा टंकायचे. स्टेन्सिल शाईच्या पिंपावर चढवून एकेक पान काढायचे, सगळी पाने टेबलावर ओळीने मांडायची आणि टेबलाभोवती फिरत, हाताने एकेक पान उचलून अंक जुळवायचा, टाचायचा आणि टपालात टाकायचा. अंकाची किंमत अनेकदा पैशांत नसे: संपादकाला लेख पाठवला, आपले फॅनझिन पाठवले किंवा आधीच्या अंकावर सविस्तर अभिप्रायपत्र लिहिले, की पुढचा अंक घरी येई.

हे तपशील आजच्या वादासाठी महत्त्वाचे आहेत. या व्यवस्थेत निव्वळ वाचक असा कोणी फारसा उरतच नव्हता, कारण अंक हवा असेल तर काहीतरी लिहावे लागे. पुरस्कारासाठी मत देणारा माणूस बहुतेक वेळा त्याच वर्तुळात लिहिणारा असे. संगणकाच्या पडद्यावर फुकट वाचता येणाऱ्या मजकुराने ही सक्ती संपवली, आणि मतदार व लिहिणारे यांच्यात अंतर पडायला तिथून सुरुवात झाली.

३. मत कोण देऊ शकते? त्यासाठी पैसे भरावे लागतात का?

जागतिक विज्ञानकथा संस्थेचे त्या वर्षीचे सदस्य, म्हणजे त्या वर्षीच्या वर्ल्डकॉनचे सदस्यत्व घेतलेले लोक, अंतिम मतदान करतात. नामांकन करण्याचा हक्क त्या वर्षीच्या सदस्यांबरोबरच आदल्या वर्षीच्या सदस्यांनाही असतो. संमेलनाला प्रत्यक्ष जाणे बंधनकारक नाही, केवळ मतदानापुरते सदस्यत्व घेता येते. त्याची किंमत दरवर्षीचे आयोजक ठरवतात आणि अलीकडे ती साधारण ५० डॉलरच्या आसपास असते.

ही रक्कम काहींना किरकोळ वाटते, काहींना नाही. ज्या देशांत उत्पन्न कमी आणि चलन दुबळे आहे, तिथल्या तरुण चाहत्यासाठी ती मोठी आहे, आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न गटांच्या नावांपेक्षा इथे अधिक अडतो असे माझे मत आहे.

४. मग हे पुरस्कार चाहतावर्गाचे प्रतिबिंब आहेत की नाहीत?

संपूर्ण चाहतावर्गाचे प्रतिबिंब ते कधीच नव्हते. १९५० च्या दशकातले मतदार प्रामुख्याने अमेरिकेतले आणि जवळजवळ सगळे इंग्रजीत वाचणारे होते. त्या काळातही मासिके विकत घेऊन वाचणारे, पण संमेलनाला कधीही न गेलेले असंख्य लोक या हिशेबाच्या बाहेरच होते. फरक इतकाच की त्या लहान वर्तुळात जे चालले होते, त्याचे चित्र पुरस्कारांत बऱ्यापैकी नीट उमटत असे, कारण सगळे एकमेकांचे लिखाण वाचत होते.

आज अडचण उलटी आहे. मतदारांची संख्या वाढली, पण त्यातले बहुसंख्य कादंबरीसाठी आणि चित्रपट-मालिकांसाठी येतात. फॅन गटांत ते एकतर कोरी मतपत्रिका ठेवतात किंवा ओळखीचे नाव निवडतात. पुरस्कारांच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, दीर्घकाळ असा नियम होता की एखाद्या गटातील मते एकूण मतपत्रिकांच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर त्या गटात पुरस्कार देऊ नये. या उंबरठ्याची काळजी कादंबरीच्या गटाला कधी करावी लागली नाही, फॅन गटांच्या पाठीराख्यांना मात्र लागली. दुसरीकडे चाहत्यांचे काम इतक्या ठिकाणी विखुरले आहे की कुणा एकाला ते सगळे पाहता येत नाही: चित्रफिती, डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या मंचावरच्या चर्चा, फॅनफिक्शन (आवडत्या कथांतील पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा), वेशभूषा, भाषांतरे. म्हणून पुरस्कार पाहून चाहतावर्ग कसा आहे हे ठरवू नये. नोंदणी करून, वाचून, विचार करून मत देणाऱ्या काही हजार लोकांना त्या वर्षी काय मोलाचे वाटले, एवढे मात्र हे पुरस्कार विश्वासार्हपणे सांगतात, आणि माझ्या मते तेही थोडे नाही.

५. वर्षानुवर्षे तेच विजेते का दिसतात?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. ब्रिटिश लेखक डेव्हिड लँगफर्ड यांनी फॅन रायटरचा पुरस्कार २१ वेळा जिंकला, त्यांपैकी १९८९ ते २००७ असा सलग १९ वेळा. 'अ‍ॅन्सिबल' हे त्यांचे वार्तापत्र उत्तम होते आणि आहे, त्यामुळे त्यांची पात्रता कुणी नाकारत नाही. परंतु १९ वर्षे इतर कुणी त्यांच्या तोडीचे लिहीतच नव्हते असे मानणेही कठीण आहे. ज्या गटात मतदारांना थोडीच नावे ठाऊक असतात, तिथे आधीचा विजेता हेच सर्वांत मोठे नाव ठरते. २००७ मध्ये अमेरिकन कादंबरीकार जॉन स्कॅल्झी अवघ्या एका मताने हरले, २००८ मध्ये जिंकले, आणि त्यानंतर या गटात जवळजवळ दरवर्षी नवे नाव आले. सतत जिंकणाऱ्याने स्वतःहून बाजूला होण्याविषयी प्रश्न १४ पाहावा.

६. ब्लॉगला फॅनझिनचा पुरस्कार कसा मिळतो? अंकच निघत नसेल तर ते फॅनझिन कसे?

नियम माध्यम पाहत नाही. प्रकाशन अव्यावसायिक असावे, त्याचे किमान चार अंक किंवा दुसऱ्या माध्यमातील तत्सम भाग निघालेले असावेत, आणि त्यांपैकी किमान एक आदल्या वर्षी आलेला असावा, एवढीच अट आहे. 'एसएफ सिग्नल', 'लेडी बिझनेस', 'नर्ड्स ऑफ अ फेदर' ही संकेतस्थळे याच व्याख्येनुसार जिंकली.

कागदावर किंवा पीडीएफमध्ये अंक काढणाऱ्यांची नाराजी मला समजते. अंकाला सुरुवात आणि शेवट असतो, संपादकाने लेखांचा क्रम लावलेला असतो, पुढच्या अंकातली पत्रे मागच्या अंकाशी बोलत असतात. रोज नवा मजकूर टाकणाऱ्या स्थळाशी त्याची तुलना करणे खरोखर अवघड आहे. तरीही माध्यमावरून सीमा आखणे मला चुकीचे वाटते. मिमिओग्राफ गेला म्हणून फॅनझिन संपले नाही, हे मान्य करणाऱ्याने कागद गेला म्हणूनही ते संपत नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना परंपरागत अंकांचाच सन्मान हवा आहे, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. प्रश्न १३ पाहावा.

७. नवे प्रकार ओळखायला इतकी वर्षे का लागतात?

कारण घटनादुरुस्ती एका बैठकीत होत नाही. वर्ल्डकॉनच्या कामकाज बैठकीत ठराव मंजूर झाला, तरी पुढच्या वर्षीच्या बैठकीत त्याला पुन्हा मान्यता मिळावी लागते, तेव्हा तो लागू होतो. दोन वेगवेगळ्या गावांत, दोन वेगळ्या समुदायांसमोर तो टिकला पाहिजे. ही संथ गती जाणूनबुजून ठेवलेली आहे, आणि तिचा फायदाही झालेला आहे: २००८ मध्ये सेमीप्रोझिनचा, म्हणजे अर्धव्यावसायिक नियतकालिकांचा (प्रश्न ८ पाहावा), गट रद्द करण्याचा ठराव एकदा मंजूर झाला होता, पण वर्षभर चर्चा झाल्यानंतर २००९ मध्ये माँट्रियलच्या बैठकीने तो फेटाळला आणि गट वाचला.

पॉडकास्टचे उदाहरण बोलके आहे. २०१० मध्ये 'स्टारशिपसोफा' हा पॉडकास्ट फॅनझिनच्या गटात जिंकला. ऐकण्याची गोष्ट आणि वाचण्याची गोष्ट एकाच तराजूत कशी तोलायची, असा वाद झाला आणि दोनच वर्षांत फॅनकास्टचा स्वतंत्र गट उभा राहिला. ध्वनिफिती आणि चित्रफिती दोन्ही त्यात पात्र आहेत. बदल आधी समाजात होतो, मग जुन्या गटात त्याचा धक्का बसतो आणि नंतर नियम बदलतो, हा क्रम प्रत्येक वेळी दिसतो. १९८४ मध्ये सेमीप्रोझिनचा गट निघाला तोही 'लोकस' हे वार्तापत्र हौशी फॅनझिनांच्या मानाने फारच मोठे झाल्यामुळे.

एक मोठी उणीव मात्र राहिली: या बैठकीत मत द्यायचे तर संमेलनाला प्रत्यक्ष हजर असावे लागे. २०२५ मध्ये सिअ‍ॅटलच्या आयोजकांनी ही बैठक संमेलनापूर्वी ऑनलाइन घेतली. हा पायंडा टिकावा असे मला मनापासून वाटते, कारण विमानभाडे भरू शकणाऱ्यांनीच गट ठरवायचे आणि बाकीच्यांनी फक्त त्यांत मते द्यायची, हे फार काळ समर्थनीय राहणार नाही.

८. पैसे मिळवणारा माणूस किंवा प्रकाशन 'चाहता' कसे? देणग्या घेतल्या तर अपात्र ठरते का?

केवळ देणग्या घेतल्याने कुणी अपात्र होत नाही. व्यावसायिक प्रकाशनाची कसोटी अशी आहे की त्यातून कुणाही एका व्यक्तीला तिच्या उत्पन्नाचा किमान चौथा हिस्सा मिळतो का, किंवा प्रकाशनाची मालक असलेली संस्था आपल्या कर्मचाऱ्याला वा मालकाला तेवढा हिस्सा देते का. त्याखालोखाल सेमीप्रोझिन येते: जे लेखकांना किंवा कर्मचाऱ्यांना अंकाच्या प्रतींखेरीज मोबदला देते, किंवा जे सर्वसाधारणपणे फक्त विकतच मिळते. या दोन्हींत न बसणारे ते फॅनझिन.

नियमित देणगीदारांवर चालणाऱ्या स्थळांमुळे ही कसोटी ताणली गेली आहे. एखाद्या कमी उत्पन्नाच्या संपादकासाठी थोड्याशा देणग्याही चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ शकतात, तर भरपूर पगाराची नोकरी असलेल्याने त्याच्या कितीतरी पट जमवले तरी तो हौशीच राहतो. हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय कुणाच्या उत्पन्नाची खातरजमा प्रशासकांनी कशी करायची, हा प्रश्न उरतोच. व्यवहारात ते संबंधितांच्या सांगण्यावर विसंबतात.

९. नामवंत कादंबरीकार फॅन रायटरचा पुरस्कार जिंकतात, हे योग्य आहे का?

नियमाने त्याला हरकत नाही. हा पुरस्कार माणसाच्या व्यवसायाला नसून त्याने आदल्या वर्षी चाहता म्हणून केलेल्या लिखाणाला आहे, आणि ते फॅनझिन, सेमीप्रोझिन किंवा सर्वांना खुल्या असलेल्या इलेक्ट्रॉनिक माध्यमांत आलेले असावे लागते. २०१० मध्ये फ्रेडरिक पोल जिंकले, तेव्हा ते १९३० च्या दशकापासूनचे चाहते होते आणि त्यांच्या ब्लॉगवर त्या जुन्या दिवसांच्या आठवणी लिहीत होते. त्यांना चाहता म्हणायचे नाही, तर कुणाला म्हणायचे?

खरी अडचण प्रसिद्धीची आहे. कादंबऱ्यांमुळे ज्याचे नाव हजारोंना ठाऊक आहे, त्याच्यासमोर फक्त समीक्षा लिहिणाऱ्याचा टिकाव लागणे कठीण. यावर बंदी घालण्यापेक्षा मतदारांनी नाव न पाहता त्या वर्षीचे लिखाण वाचावे, ही अपेक्षा मला अधिक योग्य वाटते. अलीकडच्या यादीत अ‍ॅबिगेल नुसबॉम, बोगी टाकाच, कोरा बुहलर्ट अशी समीक्षा आणि संशोधनपर लेखनाने ओळखली जाणारी नावे आली आहेत, त्यामुळे ही अपेक्षा अगदीच भाबडी नाही.

१०. फॅनफिक्शन लिहिणारे लाखो लोक या पुरस्कारांत कुठे आहेत?

त्यांच्यासाठी वेगळा गट नाही. २०१९ मध्ये डब्लिन येथे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांनीच उभारलेल्या व चालवलेल्या संग्रहाला सर्वोत्कृष्ट संबंधित साहित्याचा पुरस्कार मिळाला. तो चाहत्यांच्या गटात नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुरस्कार स्वीकारताना संग्रहाच्या उभारणीत सहभागी असलेल्या कादंबरीकार नेओमी नॉविक यांनी सभागृहातील, संग्रहात सहभाग असलेल्या सर्वांना उभे राहण्याची विनंती केली. पुढे काही जण आनंदाने स्वतःला ह्युगो-विजेते म्हणवू लागले, तेव्हा पुरस्कार संग्रहाला आहे, त्यातील एकेका कथेला नाही, असा खुलासा 'ह्युगो' या व्यापारचिन्हाचा दाखला देत झाला आणि त्यावरून बराच कडवटपणा निर्माण झाला. नियमाच्या दृष्टीने खुलासा बरोबर होता. पण ज्या समुदायाला इतकी वर्षे दाराबाहेर ठेवले, त्याच्या आनंदाला पहिला प्रतिसाद व्यापारचिन्हाच्या भाषेत द्यायला नको होता.

११. संगनमताने मते देऊन यादी ताब्यात घेता येते, असे २०१५ मध्ये दिसले. फॅन गटांत तो धोका अधिक आहे का?

होय, कारण तिथे कमी नामांकनांवर अंतिम यादीत जाता येते. २०१५ मध्ये 'सॅड पपीज' आणि 'रॅबिड पपीज' या मोहिमांनी तयार याद्या वाटल्या आणि फॅन रायटरच्या पाचपैकी चार जागा त्या यादीतल्या नावांना गेल्या. त्या वर्षी ५,९५० मतपत्रिका आल्या आणि पाच गटांत मतदारांनी 'पुरस्कार नाही' हा पर्याय निवडला. २०१६ मध्ये फॅनकास्टच्या गटातही तसेच झाले.

२०१७ पासून मोजणीची पद्धत बदलली. प्रत्येक नामांकनपत्राला एक गुण असतो आणि तो त्यावरच्या शिल्लक नावांत समान वाटला जातो. पाच नावे असतील तर प्रत्येकाला ०.२. दर फेरीत सर्वांत कमी गुणांची दोन नावे समोरासमोर येतात आणि त्यांतले ज्याचा उल्लेख कमी पत्रांवर आहे, ते बाद होते. एकसारखी पाच नावे लिहिणाऱ्या शंभर लोकांचे गुण पाचांत विखुरतात आणि त्यांची नावे एकमेकांनाच बाद करू लागतात. मात्र पैसे भरून बोगस सदस्य नोंदवण्यावर हा उपाय नाही. २०२४ मध्ये ग्लासगोच्या प्रशासकांनी एका स्पर्धकाच्या बाजूने पडलेली ३७७ मते याच कारणाने रद्द केली आणि तसे जाहीरपणे सांगितले.

१२. चेंगडू २०२३ नंतर या पुरस्कारांवर विश्वास का ठेवावा?

चीनमधील त्या वर्ल्डकॉनची नामांकनांची आकडेवारी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पुरेशी नामांकने असूनही काही नावांपुढे कारण न देता 'अपात्र' असा शेरा दिसला. फॅन रायटर गटातील पॉल वायमर त्यांत होते. नंतर बाहेर आलेल्या ईमेलमधून कळले की काही प्रशासकांनी स्पर्धकांच्या लिखाणात चीनच्या दृष्टीने संवेदनशील काय आहे, याच्या नोंदी केल्या होत्या. वायमर तिबेटला गेल्याचा उल्लेख तिथे होता. प्रत्यक्षात ते नेपाळला गेले होते.

या प्रकारात मतदारांची चूक काहीच नव्हती, त्यांचे मत मोजले गेले नाही एवढेच. आणि हा प्रकार उघडकीस आणणारा अहवाल कुणी लिहिला, तर ख्रिस बार्कली आणि जेसन सॅनफर्ड यांनी. बार्कली हे त्याच २०२३ सालचे विजेते फॅन रायटर. आपल्याला मिळालेल्या पुरस्काराचीच चौकशी करण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. वायमर यांना २०२४ मध्ये तो पुरस्कार मिळाला. विश्वासाचा पाया कुणाचा चाहता-समुदाय किती प्रतिबिंबित होतो हा नसून मोजणी उघड आहे की नाही हा आहे, असे मी मानतो.

त्याच वर्षी फॅनझिनचा पुरस्कार 'झिरो ग्रॅव्हिटी न्यूजपेपर' या चिनी फॅनझिनला मिळाला, हेही विसरू नये. कोणत्याही भाषेतील काम पात्र असते, पण संमेलन एखाद्या देशात गेले आणि तिथले सदस्य मतदार झाले, तरच ते वाचले जाते.

१३. फक्त फॅनझिनांसाठी दुसरे पुरस्कार आहेत का?

आहेत. फॅन अ‍ॅक्टिव्हिटी अचीव्हमेंट पुरस्कार १९७० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले, काही वर्षांनी थांबले आणि १९९० च्या दशकात कॉर्फ्लू या फॅनझिन-संमेलनात पुन्हा सुरू झाले. प्रश्न २ मध्ये वर्णिलेल्या दुरुस्तीच्या द्रवावरूनच त्या संमेलनाला नाव मिळाले. इथे मत देण्यासाठी सदस्यत्व लागत नाही, फॅनझिने वाचलेली असली की पुरे. मतदार मोजके असतात, पण जाणकार असतात. मोठ्या आणि लहान पुरस्कारांतला हा फरक मला तक्रारीचा वाटत नाही, दोन्ही असावेत.

१४. अनेकदा जिंकलेल्याला नियमाने रोखता येते का? आणि त्याने माघार घेतली तर त्या जागेचे काय होते?

कमाल विजयांची मर्यादा नाही. 'फाइल ७७०' चे संपादक माइक ग्लायर यांनी २०१८ च्या विजयानंतर आपल्या फॅनझिनचे नाव यापुढे विचारात घेऊ नये असे स्वतःहून जाहीर केले. तो सर्वस्वी वैयक्तिक निर्णय होता. माघार दोन वेळा घेता येते. आपल्याला नामांकन देऊ नये असे आधीच जाहीर करता येते, परंतु ते मतदारांवर बंधनकारक नसते. तरीही पुरेशी नामांकने आली, तर अंतिम यादी प्रसिद्ध होण्यापूर्वी प्रशासक संमती विचारतात आणि नकार मिळाल्यास पुढचे पात्र नाव त्या जागी घेतात. कुणी नकार दिला, हे पुरस्कार सोहळ्यानंतर प्रसिद्ध होणाऱ्या आकडेवारीत पाहायला मिळते.